उपग्रहचित्रातला समुद्र वाचताना या चुका टाळा

रडारच्या चित्रात समुद्रावर काळा पट्टा दिसला की लगेच तेलगळतीची बोंब उठते. तिथेच थांबा. तेलाचा तवंग पाण्यावरच्या बारीक लहरी दाबून टाकतो, त्यामुळे रडारचे तरंग उपग्रहाकडे फारसे परतत नाहीत आणि ती जागा काळी दिसते. पण वारा पडला तरी लहरी विरतातच. सेकंदाला दोन-तीन मीटरपेक्षा मंद वारा असेल तर समुद्राचे मोठाले भाग काळे येतात. प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून, सुटणारा नैसर्गिक स्निग्ध थरही हुबेहूब तसाच दिसतो.

म्हणून आधी त्या वेळचा वारा बघा, मग डागाचा आकार. चालत्या जहाजाने तेल सोडलं तर मागे लांब, अरुंद शेपूट उमटते. कधी तिच्या टोकाशी जहाजाचा पांढरा ठिपकाही सापडतो. वाऱ्याअभावी पडलेले डाग पसरट असतात, कडा विरलेल्या. उलटी चूक जास्त महागात पडते: वारा जोराचा असला की तेल लाटांत घुसळलं जातं आणि चित्र निर्मळ येतं, समुद्र मात्र तसा नसतो. युरोपातली क्लीनसीनेट सेवा 2007 पासून अशा संशयित डागांची सूचना देते. खरं-खोटं करायला विमान किंवा गस्तनौका पाठवावी लागते.

किनाऱ्याजवळच्या हिरव्या रंगावरही पटकन विश्वास ठेवू नका. प्लवकांमधल्या हरितद्रव्याची, म्हणजे क्लोरोफिलची, नेहमीची सूत्रं निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावर चालतात. नदीच्या मुखाशी गाळ आणि कुजलेल्या वनस्पतींचा पिवळसर रंग मिसळला की तीच सूत्रं फसतात. तापमानाचंही तसंच. अवरक्त किरणांनी मोजलेला थर केसापेक्षा पातळ असतो. खालच्या पाण्यासाठी 2000 मीटरपर्यंत बुडी मारणाऱ्या आर्गो तरंडांची (समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मापनयंत्रांची) मापं सोबत ठेवा.

नकाशावर आहे म्हणून समुद्रात आहे, असंही धरू नका. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाजवळचं सँडी बेट ऑनलाइन नकाशांत आणि शास्त्रीय नोंदींतही होतं. नोव्हेंबर 2012 मध्ये ‘सदर्न सर्व्हेअर’ हे संशोधन जहाज तिथे पोचलं, तर खाली 1300 मीटरहून खोल पाणी. जुन्या नकाशांतली चूक संगणकातल्या नोंदींत जशीच्या तशी उतरली होती.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मासेमारीच्या नकाशांची. एआयएस ही जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणारी यंत्रणा; जहाजांनी पाठवलेल्या तिच्या संकेतांवरून ते काढतात आणि जिथे ठिपके नाहीत तो भाग मोकळा समजतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एआयएसची सक्ती मुख्यतः परदेश प्रवास करणाऱ्या 300 टनेजच्या वरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना आहे. 2024 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रडारचित्रं एआयएसशी ताडून पाहिली, तेव्हा औद्योगिक मासेमारी नौकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सार्वजनिक नोंदीत नव्हत्याच. अशी प्रत्येक नौका चोरटी नसते. पुष्कळांना सक्तीच नाही. लहान लाकडी होड्या तर रडारच्याही नजरेतून सुटतात.

आता असा नकाशा समोर ठेवून कुणी संरक्षित क्षेत्राची रेघ मारली, तर पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळी पडतात ती जागा ‘रिकामी’ ठरते. रेघ मारण्याआधी बंदरावरच्या उतरवणीच्या नोंदी मागवा आणि त्या पाण्यात जाणाऱ्यांना नकाशावर बोट ठेवून विचारा: इथे कोण येतं, कोणत्या महिन्यात, काय मिळतं?