नर्सिंगचे शिक्षण चालू असताना दिवस राहिले तर

नर्सिंगचे शिक्षण चालू असताना दिवस राहिले, की अनेक विद्यार्थिनी पहिले तीन महिने कोणालाच काही सांगत नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भपाताची शक्यता अधिक असते, आणि तसे घडलेच तर तेच दुःख चारचौघांत पुन्हा उगाळावे लागू नये, ही भावना समजण्यासारखी आहे. मात्र बाळाचे हृदय, मेंदू, मज्जारज्जू आणि हातपाय यांची मूळ घडण गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. म्हणजे वॉर्डातील औषधे, किरणे आणि संसर्ग यांपासून सर्वाधिक जपण्याचा जो काळ, नेमका तोच काळ ती गप्प राहून काढते. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर पहिले काम हेच, की त्याच आठवड्यात क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे कोणत्या वॉर्डात काम करायचे ते, ठरवणाऱ्या शिक्षिकेला विश्वासात घेऊन सांगावे. वर्गातील मैत्रिणींना केव्हा सांगायचे, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे. पोस्टिंग ठरवणाऱ्या व्यक्तीला मात्र ते माहीत असलेच पाहिजे.

हे सांगणे तोंडी न ठेवता लेखी द्यावे. प्रसूतीची अपेक्षित तारीख, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि कोणत्या प्रकारची कामे टाळायची आहेत, एवढे एका पानात मावते. त्याच पत्रात उपस्थितीची अट, क्लिनिकलचे तास कमी पडल्यास ते भरून काढण्याची सोय, रजेचा नियम आणि परीक्षा चुकल्यास पुढची संधी यांबाबत विचारणा करावी आणि उत्तरही लेखी मागावे. शिक्षिका बदलतात, वर्षही बदलते, आणि तोंडी दिलेला दिलासा पुढच्या सत्रात कोणाच्या लक्षात राहीलच असे नाही.

कामाच्या ठिकाणचे काही धोके ठळक दिसतात. एक्स-रे चालू असताना खोलीत थांबू नये, सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणारे यंत्र) वापरला जातो त्या शस्त्रक्रियांच्या वेळी बदली मागावी, आणि किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घेतलेल्या रुग्णाची शुश्रूषा स्वीकारू नये. गर्भवती कर्मचारी स्त्रीने आपली अवस्था कळवल्यानंतर उरलेल्या गरोदरपणात गर्भाला मिळणारा किरणोत्सर्ग सुमारे १ मिलिसिव्हर्टच्या (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) वर जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची शिफारस आहे. यात कळवणे हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ती खबरदारी तिथपासूनच सुरू होते.

खरी काळजी वाटते ती साध्या दिसणाऱ्या कामांची. सकाळच्या ड्युटीत इनटेक-आउटपुटचा, म्हणजे रुग्णाच्या पोटात किती द्रव गेला आणि किती बाहेर पडला याचा, तक्ता भरायचा असतो आणि कोणीतरी सहज म्हणते, त्या खाटेवरच्या रुग्णाची लघवी मोजून टाक. त्या रुग्णाला आदल्या दिवशी केमोथेरपी मिळालेली असते. औषध दिल्यानंतर किमान ४८ तास, आणि काही औषधांच्या बाबतीत त्याहून अधिक काळ, रुग्णाची लघवी, उलटी आणि खराब झालेल्या चादरी औषधाने दूषित आहेत असेच समजायचे असते. हातमोजे घातले म्हणजे झाले, असे समजून गरोदर विद्यार्थिनीने ते काम करू नये. ते दुसऱ्या कोणावर सोपवावे. गोळी कुटण्याचेही तसेच आहे. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) औषध द्यायचे असते, आपण गोळी कुटतो आणि बारीक भुकटी हवेत उडते. ती गोळी मेथोट्रेक्सेट, मिसोप्रोस्टॉल किंवा फिनास्टेराइड अशा गर्भाला अपाय करू शकणाऱ्या औषधाची असेल, तर गरोदर स्त्रीने ती कुटूही नये आणि फुटलेली असल्यास हाताळूही नये. औषधाचे नाव आधी वाचण्याची जी सवय रुग्णासाठी लावली जाते, ती या दिवसांत स्वतःसाठीही पाळावी.

संसर्गाच्या बाबतीत कांजिण्या आणि रुबेला यांची प्रतिकारशक्ती आपल्याला आहे की नाही, हे रक्ततपासणीने लवकर जाणून घ्यावे. या दोन्हींच्या लशी जिवंत विषाणूंच्या असल्याने गरोदरपणात देत नाहीत. ज्यांना अजून दिवस राहिलेले नाहीत, त्यांनी त्या आधीच घेऊन पुढे किमान एक महिना थांबावे. प्रतिकारशक्ती नसताना कांजिण्यांच्या रुग्णाजवळ काम झालेच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण त्यावरच्या प्रतिबंधक उपायाला वेळेची मर्यादा असते. लहान मुलांच्या वॉर्डात लाळ आणि लघवीतून सायटोमेगॅलोव्हायरस हा गर्भाला अपाय करू शकणारा विषाणू पसरतो. तिथे हात धुण्यात एकदाही हयगय करू नये.

रुग्णाला उचलणे हा वेगळा विषय आहे. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने रुग्ण हाताने उचलण्यासाठी कोणत्याही कर्मचाऱ्याला सुमारे १६ किलोची मर्यादा सुचवलेली आहे, आणि गरोदरपणात शरीराचा तोल पुढे सरकत असल्याने व सांध्यांचे बंध सैल होत असल्याने त्याहूनही कमी भार घ्यायला हवा. सरकचादर (रुग्णाला सरकवण्याची गुळगुळीत चादर), रुग्ण उचलण्याचे यंत्र आणि दुसऱ्या दोघींची मदत यांखेरीज रुग्णाला हलवू नये. विद्यार्थिनीला नाही म्हणणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ड्युटी सुरू होतानाच इन्चार्ज सिस्टरला सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी नकार देण्याची पाळी येत नाही.

आता वेळापत्रक. एक मोठा कागद घेऊन त्यावर ४० आठवड्यांची एक ओळ आखावी आणि तिच्याखाली शैक्षणिक वर्षाची दुसरी. वरच्या ओळीत १८ ते २२ आठवड्यांमधील सोनोग्राफी आणि २४ ते २८ आठवड्यांमधील साखरेची तपासणी मांडावी. या दुसऱ्या तपासणीत दोनेक तास बसून राहावे लागते, तेव्हा ती क्लिनिकलच्या दिवशी ठेवू नये. खालच्या ओळीत परीक्षा, प्रात्यक्षिके आणि पोस्टिंग मांडावीत. पहिल्या तिमाहीत मळमळ आणि गुंगी असते, शेवटच्या तिमाहीत पाय सुजतात आणि झोप मोडते. त्यामुळे जड पोस्टिंग, नाइट ड्युटी आणि मोठा प्रकल्प शक्यतो चौथ्या ते सहाव्या महिन्यात उरकावेत. प्रसूती तारखेलाच होते असे नाही, म्हणून आपल्यापुरती शेवटची तारीख ३६ वा आठवडा धरावी आणि सर्व लेखी काम त्याच्या आत संपवावे.

यातच एक छोटी पण मोलाची गोष्ट सांगते. लॉगबुकवरची, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवरची, सही ज्या दिवशी काम केले त्याच दिवशी घ्यावी. अनेक विद्यार्थिनी सह्या महिनाअखेरीस एकदम घेतात. अवेळी कळा सुरू झाल्या, तर केलेले तास कागदावर येतच नाहीत आणि बाळाला घेऊन सहीसाठी वॉर्डावॉर्डांतून फिरावे लागते. केअर प्लॅनही (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) ड्युटी संपल्यावर घरी जाण्याआधीच लिहून काढावा, कारण गरोदरपणात रात्रीचा भरवसा धरता येत नाही.

ड्युटीवर पाणी पिणे आणि लघवीला वेळेवर जाणे टाळू नये. लघवी तुंबवण्याची सवय गरोदरपणात मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण देते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात वेदना, रक्तस्राव, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवल्यास ड्युटी सोडून तपासून घ्यावे. ही लक्षणे परीक्षेत बिनचूक लिहिणारी मुलगी स्वतःचे डोके दुखू लागले, की झोप कमी झाली असेल असे म्हणून कामाला लागते, आणि मला याचीच सर्वांत अधिक भीती वाटते.

परत येण्याची तयारी बाळंतपणाआधीच करावी. शरीर पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, सिझेरियननंतर अधिकही. अंगावर पाजणाऱ्या आईला ड्युटीत सुमारे दर तीन तासांनी दूध काढावे लागते. त्यासाठी आडोशाची जागा आणि वेळ यांची परवानगी आधीच मिळवावी. काढलेले दूध सामान्य तापमानाला चार तासांपर्यंत आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते. बाळाला सांभाळणारी माणसे दोन असावीत, कारण एक आजारी पडले तर दुसरे लागते. प्रसूतीनंतर दोन आठवडे उलटूनही रडू, निराशा किंवा बाळाविषयी परकेपणा जात नसेल, तर बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्याच्या एडिनबरा प्रश्नावलीतील दहा प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे लिहून ती डॉक्टरांना दाखवावीत. त्यासाठी सत्र लांबवावे लागले तरी चालेल.

ड्युटीवर परतण्याच्या आठवडाभर आधी एक दिवस रंगीत तालीम करावी. पहाटेच्या वेळेला उठून, दूध काढून, बाळाला त्या दोघांपैकी एकाच्या हाती देऊन पूर्ण ड्युटीएवढा वेळ घराबाहेर राहावे. संध्याकाळी परतल्यावर आधी कपडे बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन मगच बाळाला जवळ घेण्याचा क्रमही त्याच दिवशी पाळून पाहावा. बाळ रडत असले, तरी ती दोन मिनिटे आधी स्वतःच्या हातांना द्यावीत.