नॉर्मन इंग्लंडमधला खटला वाचायचा कसा?

नॉर्मन काळातले, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं त्यानंतरचे, गुन्हे वर्गात शिकवायला घेतले की मुलं थेट शिक्षेवर उडी मारतात. डोळे काढले, हात तोडला, एवढंच लक्षात राहतं. मी त्यांना प्रत्येक खटल्याचा तक्ता करायला सांगते आणि त्यातला शिक्षेचा रकाना शेवटी भरायला लावते. मेला कोण, गुन्हा घडला कुठे आणि दंड गेला कोणाच्या तिजोरीत, हे आधी लिहायचं.

त्याहीआधी जुनं काय होतं ते बाजूला काढा. शायर (जिल्हा) आणि हंड्रेड (त्याचा पोटविभाग) यांच्या सभा, गटातल्या पुरुषांनी एकमेकांच्या वागणुकीची हमी घेणं, चोर दिसला की ओरडा करून सगळ्यांनी पाठलाग करणं, हे सगळं १०६६ च्या आधीपासून चालत आलेलं. इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा विल्यम स्वतःला आधीच्या एडवर्ड राजाचा हक्काचा वारस म्हणवत होता, म्हणून एडवर्डचा कायदा मोडून काढणं त्याला परवडणारं नव्हतं.

आता एक खून घ्या. रस्त्याकडेला प्रेत सापडलंय, मारेकरी गायब. मेलेला नॉर्मन असेल तर तिथल्या जमीनदारानं मारेकरी हजर करायचा. नाही जमलं तर दंड, तोही ४६ मार्क. एका मार्कचे १६० पेनी, म्हणजे ७,३६० पेनी झाले. जमीनदाराची ऐपत संपली की उरलेली रक्कम अख्ख्या हंड्रेडवर. या नियमाला म्हणत मर्ड्रम. मूठभर परके लोक लाखोंच्या मुलखात जीव मुठीत धरून राहत होते, हे या एका आकड्यातून जितकं कळतं तितकं किल्ले बघूनही कळत नाही. पुढे हंड्रेडचे लोक मेलेला माणूस इंग्लिशच होता हे सिद्ध करायला धडपडू लागले, कारण तसं ठरलं की दंड माफ. हा प्रकार थेट १३४० पर्यंत चालला.

मग जागा बघा. राजानं राखीव केलेल्या जंगलात वेगळा कायदा चालायचा. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढायचे, असं विल्यमनं ठरवल्याचं त्याच्या मृत्यूनंतरच्या इतिवृत्तात लिहून ठेवलंय. आणि ‘जंगल’ म्हणजे नुसती झाडी समजू नका. त्यात शेतं आणि वस्त्याही येत.

पुराव्याच्या रकान्यात घाई करू नका. द्वंद्व लढवून निकाल लावायची पद्धत नॉर्मनांनी आणली, पण लोखंडाचं दिव्य, म्हणजे देवाच्या हवाली केलेली परीक्षा, इंग्लंडमध्ये आधीही होतं. तापवलेलं लोखंड हातात धरून नऊ फूट चालायचं. मग हात बांधून तिसऱ्या दिवशी सोडायचा. हात भाजला का, हा प्रश्नच नव्हता. जखम चिघळली का, ते बघायचे. विल्यमचा मुलगा विल्यम रूफस राजा असताना राजाची हरणं मारून खाल्ल्याच्या आरोपावरून सुमारे पन्नास इंग्लिश माणसांना हे दिव्य करावं लागलं आणि सगळे निर्दोष ठरले. राजा देवाच्या न्यायावरच चिडला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. तपासणारे त्यांच्याच मुलखातले असतील तर जखम ‘बरी’ दिसायला कितीसा वेळ लागणार?

आता शिक्षा, आणि तिच्याशेजारी साल लिहायला विसरू नका. पहिल्या विल्यमच्या नावावरच्या नियमांत फाशीला मनाई आहे, त्याऐवजी डोळे काढणं नि खच्ची करणं. रूफसनंतरच्या पहिल्या हेन्रीच्या काळात मात्र फाशी परतलेली दिसते; ११२४ मध्ये लेस्टरशायरमध्ये एकाच वेळी ४४ चोरांना लटकवलं.

साल एकच असलं तरी माणूस बघा. पहिल्या विल्यमविरुद्धच्या १०७५ च्या बंडात इंग्लिश अर्ल (बडा सरदार) वॉल्थिऑफ होता आणि हेरफर्डचा नॉर्मन अर्ल रॉजरही होता. रॉजर कैदेत गेला. वॉल्थिऑफला १०७६ मध्ये विंचेस्टरजवळ शिरच्छेदाची शिक्षा झाली, कारण प्रत्येकाला आपापल्या लोकांचा कायदा लावला. तुमच्या तक्त्यात या दोघांसाठी दोन स्वतंत्र ओळी ठेवा.