कोठी घेतलीत, झाकण पाहिलंत का?

सांवेर-देपालपूरकडचा गहू, हरभरा घरात येऊन पडलाय. इंदूरला पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धरतो आणि वळवाची सर त्याच्याही आधी येते. धान्य वाळवून बंद करायला खरं ऊन आता थोडेच दिवस मिळणार आहे. म्हणून बाकीचं थोडक्यात उरकतो आणि झाकणाबद्दल सविस्तर लिहितो. माझ्या डोळ्यांदेखत जेवढं धान्य वाया गेलं, त्यातलं निम्म्याहून अधिक झाकणापायी गेलं.

गेल्या पावसाळ्यात मामांनी हरभरा नव्या कोऱ्या, जाड पत्र्याच्या कोठीत भरला. पोळ्याला उघडून पाहिलं तर वरच्या थरात दाण्यांवर पांढरे ठिपके, आरपार गोल भोकं, आणि हात खोल घातला तर आत ऊब. दाणा गरम लागला की समजावं, आत भुंग्यांचं राज्य आहे. मामी म्हणाली, "कोठी तर चांगली महागाची घेतली होती रे." आम्ही ती रिकामी केली. रात्री दिवे मालवले, मोबाईलची बॅटरी लावून आत ठेवली आणि झाकण लावलं. बिजागरीच्या बाजूने उजेडाची बोटभर लांब रेघ भिंतीवर पडली. खालच्या सरकत्या तोंडातूनही उजेड आला. भुंगा पुष्कळदा खळ्यातून किंवा जुन्या पोत्यातूनच येतो, तो आपण पूर्ण थांबवू शकत नाही. पण त्याला श्वासाला लागणारी हवा त्या फटींनी पुरवली.

डबा काठोकाठ भरलेला आणि झाकण हवाबंद असेल, तर आतले किडे श्वासानेच आतला ऑक्सिजन संपवतात आणि खाणं थांबवतात. औषधाचा एक दाणा लागत नाही. फट असली, किंवा रोज सकाळी वाटीभर गव्हासाठी झाकण उघडलं, की नवी हवा आत गेली आणि सगळं पहिल्यापासून. पावसाळी दमट उबेत भुंग्याची एक पिढी महिन्याभरात तयार होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. दिवाळीपर्यंत किती होतील, मोजा.

म्हणून पाच क्विंटलची एकच कोठी घेऊ नका. पन्नास लिटरच्या पिंपात सदतीस-अडतीस किलो गहू मावतो, म्हणजे चार-पाच माणसांच्या घराचा साधारण महिना. तशी आठ-दहा पिंपं ठेवा, एका वेळी एकच उघडा. रिंग-क्लॅम्पचं, म्हणजे कड्याने आवळून बसणारं झाकण आणि आत रबराची वायसर असलेलं पिंप उत्तम. वायसर नखाने दाबून पाहा: दबून परत वर आली तर ठीक, कडक होऊन तडकली असेल तर बदला. स्टीलच्या डब्याचं नुसतं दाबून बसणारं झाकण हवाबंद नसतं, डबा कितीही चकचकीत असो. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचं तोंड कापून त्यावर ताटली ठेवणं म्हणजे उघडंच ठेवणं. पातळ पॉलिथिन पोखरणारे किडेही आहेत, तेव्हा पिशवीत भरायचंच तर तीन पदरी हवाबंद पोती घ्या आणि उंदरांपासून जपा.

जुनी पिंपं स्वस्त मिळतात. मिठाईवाल्याकडची, ग्लुकोजचं लेबल अजून चिकटलेली, चालतील. लेबल नसलेलं पिंप घेऊ नका, वास येत नसला तरी. ॲसिड किंवा कीटकनाशकाचं पिंप धुऊनही धान्याला चालत नाही.

भरण्याआधीची कामं:
– गहू 12 टक्के ओलाव्यापर्यंत, हरभरा-तूर 9-10 टक्क्यांपर्यंत वाळवणे
– चाळणे, फुटका दाणा काढणे
– जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घालणे
– रिकाम्या खोलीच्या भिंतींवर मॅलेथिऑन 50 ईसी (पाण्यात मिसळून फवारायचं कीटकनाशक), 1 लिटर पाण्यात 10 मि.ली., 100 चौरस मीटरला 3 लिटर द्रावण. धान्यावर अजिबात नाही
– पिंपं फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत एक भाग सुकं मीठ आणि तीन भाग गहू घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, परत उन्हात घाला. चिकटलं नाही म्हणून मात्र 12 टक्के झालाच असं नाही. मी शेवटी दाताखाली धरतो: कट् आवाज करून फुटला तरच भरतो. अर्धवट वाळलेला दाणा हवाबंद केला तर तो आंबतो, बुरशी धरतो. आणि उन्हातून उचललेला गरम दाणा लगेच कोंडू नका. झाकणाच्या आतून पाणी सुटतं आणि तेच थेंब वरच्या थराचे गोळे करतात. संध्याकाळी गोळा करा, रात्रभर घरात झाकून निवू द्या, सकाळी भरा.

दुकानदार पुड्या, लेप, गोळ्या काय काय पुढे करतात. ऑक्सिजन शोषणारी पुडी गळक्या डब्यात लगेच वाया जाते, आणि हवाबंद भरलेल्या पिंपाला तिची फारशी गरज नसते. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची, म्हणजे विषारी वायूने किडे मारणारी गोळी राहत्या घरात आणूच नका. तिचा वायू माणूस मारतो आणि त्याला उतारा नाही. हरभऱ्याला-तुरीला किलोमागे 5 मि.ली. खाद्यतेल चोळलं की भुंग्याच्या अंड्यांना आळा बसतो, खर्च किरकोळ. कडुनिंबाची वाळलेली पाने मीही घालतो. आजी घालायची म्हणून घालतो, पण त्यांच्या भरवशावर झाकण ढिलं ठेवत नाही.

जुनी कोठी टाकवत नसेल तर बॅटरीची परीक्षा आजच रात्री करा. जिथून उजेड आला तिथे खडूने खूण करा. बिजागरीच्या फटीत सुती चिंधी दाबून वरून शेण-मातीचा लेप द्या, पूर्वी कणगीचं तोंड असंच लिंपायचे. तो पूर्ण वाळल्याशिवाय दाणा आत घालू नका. खालचं तोंड कायमचं बंद करा, वरूनच काढा. बंद केल्यावर झाकणावर पट्टी चिकटवून तारीख लिहा, आणि ते पिंप त्याची पाळी येण्याआधी उघडायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.