पायथन ३.१२ वर जुनं पॅकेज इन्स्टॉल होत नसेल तर

ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केली, तिच्यासोबत पायथन ३.८ किंवा ३.९ वरून ३.१२ वर गेलं, आणि कालपर्यंत बिनबोभाट बसणारं पॅकेज आता इन्स्टॉल होईना. त्याचा शेवटचा रिलीज कितीतरी वर्षांपूर्वीचा, सांभाळणारं कोणी उरलेलं नाही. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सेटअपटूल्सची (पॅकेज बिल्ड करणाऱ्या टूलची) जुनी आवृत्ती टाका’. ३.१२ वर तो बहुतेक वेळा फसतो. का, ते पुढे येईलच.

आधी एरर नीट वाचा. पिप (पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) शेवटी सांगतं की चूक सबप्रोसेसमधली आहे, पिपची नाही. हे खरं असतं, पण कामाचं नसतं. व्हर्बोज पर्याय लावून कमांड पुन्हा चालवा आणि वर जात ट्रेसबॅकची अखेरची ओळ किंवा कंपायलरची पहिली ‘एरर’ शोधा. उपाय त्या ओळीवरून ठरतो.

पॅच करायला बसण्याआधी दोन गोष्टी तपासा. पिपडेपट्रीने (कुठलं पॅकेज कुणाला लागतं ते दाखवणारं टूल) बघा की हे पॅकेज तुम्ही मागितलंय की दुसऱ्या कुणाच्या मागून आलंय. मागून आलं असेल तर त्या मूळ पॅकेजच्या नव्या आवृत्तीला ते लागतच नसेल. दुसरं म्हणजे रिपॉझिटरीची मुख्य ब्रांच. दुरुस्ती मर्ज झाली पण रिलीज निघालाच नाही, असं पुष्कळदा असतं. तसं असेल तर त्या कमिटचा हॅश देऊन थेट गिटवरून इन्स्टॉल करा.

पिप बिल्ड कुठे करतं

तुमच्या पायथनसाठी तयार व्हील (आधीच बिल्ड केलेलं पॅकेज) नसेल तर पिप सोर्स उतरवून ते स्वतः बिल्ड करतं. पॅकेजमध्ये पायप्रोजेक्ट डॉट टॉमल फाइल (बिल्डला काय लागतं ते सांगणारी) असेल, किंवा एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्सच नसेल, तर हे बिल्ड एका तात्पुरत्या, वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये होतं आणि तिथे सेटअपटूल्स नव्याने उतरवलं जातं. पायथन ३.१२ पासून नव्या व्हर्चुअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही, म्हणजे आता हाच नेहमीचा मार्ग. तुम्ही हाताने टाकलेली जुनी आवृत्ती त्या बिल्डला दिसतच नाही.

ती दिसावी यासाठी दोन वाटा आहेत. पहिली कन्स्ट्रेंट फाइलची, म्हणजे आवृत्त्यांवर मर्यादा घालणाऱ्या फाइलची: तीत ‘सेटअपटूल्स ८१ पेक्षा कमी’, ‘सायथन ३ पेक्षा कमी’ (सायथन म्हणजे पायथनसारख्या कोडमधून सी कोड बनवणारं टूल) अशा ओळी लिहा आणि पिप-कन्स्ट्रेंट या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पाथ द्या. कमांडलाइनवरचा साधा कन्स्ट्रेंट पर्याय बिल्डपर्यंत पोचत नाही, इथे हमखास गफलत होते. नव्या पिपमध्ये यासाठी बिल्ड-कन्स्ट्रेंट हा स्वतंत्र पर्याय आहे, तो असेल तर तोच वापरा. दुसरी वाट नो-बिल्ड-आयसोलेशनची, म्हणजे वेगळं एन्व्हायर्नमेंट न करता तुमच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये बिल्ड करण्याची. मग बिल्डला लागणारं सगळं (सेटअपटूल्स, व्हील, गरजेप्रमाणे सायथन आणि नमपाय) आधी स्वतः टाकावं लागतं. पॅकेजची सेटअप फाइल (setup.py) पहिल्याच ओळीत नमपाय इम्पोर्ट करत असेल तर ही वाट सोपी पडते.

आता जुनी म्हणजे किती जुनी? ३.१२ मधून पीकेजीयुटिलचा इम्पइम्पोर्टर गेला, त्यामुळे ६६.१ च्या आधीचं सेटअपटूल्स ३.१२ वर स्वतःच कोसळतं. एररमध्ये इम्पइम्पोर्टर दिसला तर समजा की कुणीतरी, बहुधा पॅकेजच्याच टॉमल फाइलने, जुनं सेटअपटूल्स बांधून ठेवलंय. ते बंधन काढा.

कोणत्या एररला काय

‘डिस्टयूटिल्स नावाचं मॉड्यूल नाही’: डिस्टयूटिल्स ३.१२ मधून काढलंय, पण सेटअपटूल्स त्याची स्वतःची प्रत पुरवतं. पॅकेज चालताना हा एरर येत असेल तर एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स टाकलं की भागतं. ‘पीकेजी रिसोर्सेस’ सापडत नसेल तरी सेटअपटूल्सच टाका, मात्र ८१ च्या खालचं.

‘कॉन्फिगपार्सरमध्ये सेफकॉन्फिगपार्सर नाही’: दोषी बहुतेकदा पॅकेजमध्ये कॉपी करून ठेवलेली जुनी व्हर्जनीअर (आवृत्तीचा आकडा गिटवरून काढणारं टूल) फाइल. तीत सेफकॉन्फिगपार्सरच्या जागी कॉन्फिगपार्सर आणि रीडएफपीच्या जागी रीड-फाइल लिहा. दोन शब्दांचा बदल आहे.

‘यूज टू-टू-थ्री अवैध आहे’: इन्स्टॉल करताना पायथन २ चा कोड पायथन ३ मध्ये बदलण्याची ही सोय सेटअपटूल्स ५८ मध्ये बंद झाली, आणि ५८ च्या खालचं सेटअपटूल्स ३.१२ वर चालत नाही. म्हणजे आवृत्त्यांशी खेळून सुटका नाही, कोडच बदलावा लागतो. सोर्सवर टू-टू-थ्री हे टूल एकदा चालवा आणि सेटअप फाइलमधली ती ओळ काढा. ३.१३ मध्ये हे टूलही नाही, तेव्हा हे काम ३.१२ किंवा त्याआधीच्या पायथनवर उरका.

‘लाँगइंटरेपर डॉट एच सापडत नाही’ किंवा ‘ओबी-डिजिट मेंबर नाही’: सोर्समधली सी फाइल उघडून पहिली ओळ बघा. तिथे ‘जनरेटेड बाय सायथन’ आणि जुना आकडा असेल तर ती फाइल हाताने दुरुस्त करत बसू नका. सी फाइल डिलीट करा, ०.२९ मालिकेतल्या शेवटच्या सायथनने पीवायएक्स फाइलमधून (सायथनच्या मूळ सोर्समधून) ती पुन्हा तयार करा. टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) पीवायएक्स नसेल तर ती रिपॉझिटरीतून घ्या. थेट सायथन ३ वर जाऊ नका, जुना कोड त्यावर वेगळ्याच ठिकाणी अडतो.

‘पायथन डॉट एच नाही’: डेव्हलपमेंट हेडर्सचं पॅकेज टाका, एवढंच.

‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’: इथे पायथनचा संबंध नाही. अपग्रेडसोबत कंपायलरही बदललाय, आणि जीसीसी १४ आधीच्या वॉर्निंगला आता एरर धरतं. सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या पर्यायांत) तो एरर परत वॉर्निंगवर आणता येतो, पण हेडर इन्क्लूड करणंच बरं: डिक्लरेशन नसलेलं फंक्शन पूर्णांक परत करतं असं धरलं जातं, आणि ते प्रत्यक्षात पॉइंटर देत असेल तर ६४ बिटवर तो अर्धा कापला जातो.

पॅच करून व्हील बनवणं

सोर्स उतरवायला पिपची डाउनलोड कमांड वापरू नका. तीही मेटाडेटासाठी सेटअप फाइल चालवते आणि त्याच एररवर थांबते. पायपीआय (पायथन पॅकेजेसचं भांडार) इथल्या पॅकेजच्या पानावरून टारबॉल थेट घ्या, सोडा, आणि पहिल्याच कमिटमध्ये तो जसाच्या तसा गिटमध्ये टाका, म्हणजे तुमचा बदल पुढे वेगळा दिसेल.

बिल्ड यशस्वी झालं म्हणजे पॅकेज चालेलच असं नाही. सोर्समध्ये ग्रेप करून हे शब्द शोधा: थेट कलेक्शन्समधून घेतलेलं मॅपिंग (३.१० मध्ये गेलं, आता कलेक्शन्स डॉट एबीसीमध्ये), इन्स्पेक्टमधलं गेटआर्गस्पेक (३.११), इम्प आणि असिंककोर (३.१२), सीजीआय आणि टेलनेटलिब (३.१३). असिंककोर आणि सीजीआयसाठी पायपीआयवर पायअसिंककोर आणि लेगसी-सीजीआय ही पर्यायी पॅकेजेस आहेत. इम्पची जागा मात्र इम्पोर्टलिब वापरून स्वतः भरणंच चांगलं.

आवृत्तीच्या आकड्यापुढे अधिक चिन्ह आणि लोकल लेबल लावा, उदाहरणार्थ १.४.२+लोकल१, नाहीतर मूळ आणि पॅच केलेलं पॅकेज ओळखू येणार नाही. मग पिपच्या व्हील कमांडने, नो-डेप्स लावून, व्हील काढा आणि कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टेस्ट्स चालवा. रिक्वायरमेंट्समध्ये लेबलसकट पूर्ण आवृत्ती लिहा आणि फाइंड-लिंक्स व्हीलच्या फोल्डरकडे वळवा. सी एक्स्टेन्शन असेल तर ते व्हील फक्त त्याच पायथन आवृत्तीचं आणि प्लॅटफॉर्मचं असतं, ३.१३ वर गेलात की पुन्हा बिल्ड करावं लागेल.

सी कोड हजारो ओळींचा असेल तर हा उद्योग करू नका. पायएनव्ही किंवा यूव्हीने (पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बसवणारी टूल्स) पायथन ३.११ शेजारी बसवा आणि तेवढी सर्व्हिस त्यावर चालवा. त्याला ऑक्टोबर २०२७ पर्यंत सिक्युरिटी अपडेट्स आहेत, तेवढ्या मुदतीत हे पॅकेज बदलायचं काम आखा.