कार्ड मशीनवाल्यांशी कसं जमवून घ्यायचं, साडीच्या दुकानातला अनुभव

आमचं साड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत एका घरची सगळी मंडळी बस्त्याला आली, एका दुपारीच १,८०,००० चं बिल, तेही कार्डावर. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे नाहीत, तिसऱ्या दिवशी पण नाहीत, मशीन देणाऱ्या कंपनीला फोन केला तर "सर रिस्क टीमने होल्ड केलंय" एवढंच. आमचं कार्डावर रोजचं १२-१५ हजार, आणि अचानक हे, म्हणजे त्यांना वाटलं काहीतरी गडबड आहे. आठ दिवस हेलपाटे घातले तेव्हा पैसे सुटले.

तेव्हा राग आला, पण नंतर त्यांची बाजूही कळली. आपल्याला वाटतं आपण गिऱ्हाईक आहोत, ते आपली सेवा करणार. खरं तर ते आपल्याला उधारी देत असतात. कार्ड घासलं की आपल्याला साधारण दुसऱ्या दिवशी पैसे येतात, पण कार्डवाला पुढे कित्येक दिवसांनी बँकेत जाऊन "हे मी घेतलंच नाही" म्हणू शकतो, त्याला चार्जबॅक म्हणतात, आणि तोवर आपण शटर ओढून पसार झालो असलो तर भुर्दंड मशीनवाल्याला. मग तो बिचकणारच ना.

म्हणून पहिलं काम, आधी सांगून ठेवा. सेल लावताय, लग्नसराई आहे, मोठी ऑर्डर येणारे, तर आठवडाभर आधी रिलेशनशिप मॅनेजरला, म्हणजे त्यांच्याकडच्या आपलं खातं बघणाऱ्या माणसाला, ईमेल टाका. फोन नाही, व्हॉट्सॲप नाही, ईमेलच, कारण ही पोरं सारखी बदलतात आणि नव्याला मागचं काहीच माहीत नसतं. आता आम्ही मोठं बिल झालं की त्याच संध्याकाळी बिलाचा फोटो आणि चार्ज स्लिप (मशीनमधून निघणारी पावती) पाठवून मोकळे होतो, कुणी मागायची वाट बघत नाही.

स्लिपवरून आठवलं. तो थर्मल कागद असतो, उन्हात किंवा गरम जागी ठेवला की अक्षरं उडतात. आमच्या काउंटरमागे खिडकी, तिथे टाचणीला लावलेल्या सगळ्या स्लिपा एका उन्हाळ्यात कोऱ्या करकरीत झाल्या, आणि नेमकी त्यातल्याच एकीवर तक्रार आली. पैसे गेले. तेव्हापासून रोज रात्री हिशेब करताना मोबाईलवर फोटो काढतो आणि तारखेचं फोल्डर करतो.

चार्जबॅकचं उत्तर मुदतीत द्यावं लागतं, मुदत गेली की बाजू खरी असूनही हरलात. नोटीस येते केवायसीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर, आणि तो ईमेल बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो (आमचा होता). आजच तपासा. आणि एक, पाटीवर दुकानाचं नाव वेगळं आणि गिऱ्हाईकाच्या स्टेटमेंटला वडिलांच्या फर्मचं नाव येतं, त्यामुळे माणूस घाबरून तक्रार करतो. नाव दुरुस्त करून घ्या, एका अर्जाचं काम आहे.

काही गोष्टी मात्र अजिबात नको. कार्ड घासून कुणाला रोख देणं, शेजारच्या दुकानदाराला "एकच व्यवहार करून दे ना" म्हणून मशीन वापरू देणं, डेबिट कार्डवर गिऱ्हाईकाकडून दोन टक्के जास्त घेणं. सापडलात की मशीन जातं, आणि दुसरीकडे घ्यायला गेलात तर तिथेही प्रश्न विचारतात.

विश्वास म्हणजे डोळे झाकून नव्हे हं. दर महिन्याचं स्टेटमेंट वाचा. रुपे डेबिट आणि बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे दुकानदाराकडून कापला जाणारा चार्ज, शून्य आहे. बाकी डेबिट कार्डं मशीनवर घासली तर, दुकानाची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९० टक्के, आणि व्यवहार दोन हजारांच्या वर असेल तर त्या चार्जवर १८ टक्के जीएसटी. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे घासाघीस चालते. सहा महिने धंदा नीट झाला, तक्रारी नाहीत, की आकडे समोर ठेवून दर कमी करून मागा. आम्ही मागितला, पहिल्यांदा नाही म्हणाले, दिवाळीनंतर परत मागितला तेव्हा मिळाला.