चढावर बसून की उभ्याने? पायडल मारण्याची पद्धत कधी आणि कशी बदलायची

चढ लागला की बरेच जण आधी सीटवरून उठतात आणि मग गियरचा विचार करतात. क्रम तिथेच उलटा होतो. उठावंसं वाटतं ते पायडल जड जातंय म्हणून, आणि पायडल जड जातं ते बहुतेक वेळा हलका गियर शिल्लक असताना टाकला नाही म्हणून. चढ मुळात बसून काढायचा. उठायचं ते ठरवून, मोजून, ठरावीक कामासाठी. नाइलाजाने उठावं लागलं, तर चूक शंभरेक मीटर मागे, गियर बदलायच्या जागी झालेली असते.

बसून का परवडतं

बसलेलं असताना धडाचं वजन सीट पेलते आणि पायांना फक्त पायडल फिरवायचं काम उरतं. उभं राहिलं की तेच वजन पाय, कंबर, दंड आणि खांद्यांवर येतं. हे सगळे स्नायू ऑक्सिजन मागतात, पण सायकल त्या प्रमाणात पुढे जात नाही. एकाच चढावर, एकाच वेगाने उभ्याने गेलात तर हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ५ ते १० ने वाढलेले दिसतात आणि धाप लवकर लागते. ५-६ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे १०० मीटर रस्त्याला ५-६ मीटर उंची, हा फरक चांगला जाणवतो. १० टक्क्यांच्या पुढे तो कमी होत जातो, कारण तिथे बसूनही सगळं अंग कामाला लागलेलंच असतं.

उभं राहिलं की अंगाचं वजन पायडलवर पडतं, म्हणजे ताकद फुकट मिळते, असा समज आहे. तो खरा नाही. एका पायडलसोबत खाली गेलेलं अंग पुढच्या फेऱ्याला दुसऱ्या पायाने पुन्हा वर उचलावं लागतं. उभं राहून मिळतो तो एकेका फेऱ्याचा जास्तीचा जोर. बसून पायडलवर फार जोर दिला तर बूड सीटवरून उचललं जातं, त्यामुळे त्या जोराला मर्यादा येते. उभ्याने, हातांनी हँडल ओढून धरलं, तर ती मर्यादा वर जाते.

हा जोर किती लागतो ते आकड्यांत बघू. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, चढ ६ टक्के, वेग ताशी १० किलोमीटर. सायकल बिनगियरची, पुढच्या दातेरी चकतीला ४४ दात आणि मागच्या चकतीला १८. एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३१ फेरे पडतात. अशा वेळी पायडलवर सरासरी २७ किलोच्या आसपास जोर द्यावा लागतो, आणि पायडल आडवं असतानाचा क्षणिक जोर ४० किलोच्या पुढे जातो. आता त्याच चढावर, त्याच वेगाने पुढे ३४ आणि मागे २८ दातांचा गियर घ्या. फेरे ६५ होतात आणि सरासरी जोर १३ किलोच्या आत येतो. बिनगियरच्या सायकलवर चढाला उठावंच लागतं त्याचं कारण हे. गियर असून उठावं लागत असेल, तर आधी गियरकडे बघा.

बसून चढताना

बसून चढताना पायडलचे मिनिटाला ७० ते ८५ फेरे ठेवावेत. मोजायला यंत्र लागत नाही: उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चाराने गुणा. फेरे ६० च्या खाली गेले की गुडघ्याच्या वाटीवरचा ताण वाढतो. लांब चढानंतर गुडघा पुढच्या बाजूने दुखतो, त्याची दोन नेहमीची कारणं म्हणजे जड गियर आणि खाली असलेली सीट. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला असावा, २५ ते ३५ अंश.

चढ बेताचा असेल तर सीटवर जरा मागे सरका, म्हणजे कुल्ल्यांचे स्नायू कामाला येतात. हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर ठेवा, पकड सैल असू द्या, छाती मोकळी ठेवा. खांदे कानांकडे चढलेले दिसले तर मुद्दाम खाली सोडा, कारण तिथला ताण श्वास आखूड करतो.

चढ १२-१५ टक्क्यांवर गेला की बसण्याची जागा बदलावी लागते. मागे बसून राहिलात तर जोर देताना पुढचं चाक हलकं होतं, उचलतं आणि सायकल भरकटते. अशा वेळी सीटच्या नाकाकडे सरका, कोपरं वाकवून खाली घ्या आणि छाती हँडलकडे न्या. अवघडल्यासारखं वाटतं, पण वाळू-खडीच्या तीव्र चढावर हाच एक धड मार्ग आहे. तिथे उभं राहिलं की वजन पुढे जातं, मागचं चाक जागेवर फिरतं आणि सायकल थांबते. ओल्या रस्त्यावर, शेवाळलेल्या सिमेंटवर किंवा रंगवलेल्या पट्ट्यांवरही हेच होतं.

उठायचं कसं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा एक क्षण सावकाश बघू.

उठण्याच्या दोन-तीन फेरे आधी एक किंवा दोन गियर जड करा. उभ्याने फेरे आपोआप कमी होतात, ६० ते ७० वर येतात, आणि गियर तोच राहिला तर पाय हवेत पडल्यासारखे खाली जातात, वेग मात्र गळतो. ३४-२८ वर ७५ फेऱ्यांनी जात असाल, तर तोच वेग ३४-२५ वर ६७ आणि ३४-२३ वर ६२ फेऱ्यांत मिळतो. गियर बसूनच बदला, आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर जाईपर्यंत अर्धा फेरा पाय हलका ठेवा.

आता पायडलकडे लक्ष द्या. उजव्या बाजूने पाहिलं तर पायडल घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. १२ वर आणि ६ वर जोर जवळजवळ शून्य असतो, ३ च्या आसपास सर्वांत जास्त. जो पाय तुमचा जोरकस आहे, तो १ ते २ च्या दरम्यान आला की त्याच्यावर भार टाकत उठा. उठणं आणि पायडल खाली जाणं एकाच वेळी झालं पाहिजे. शिवाय हातांनी सायकल किंचित पुढे ढकला.

पायडल ६ वर असताना झटक्यात उठलात तर त्या क्षणी सायकलला पुढे नेणारं काही नसतं. अंग पुढे जातं, सायकल त्याच्याखाली वीतभर मागे येते. एकटे असाल तर फक्त वेग मोडतो. मागे कोणी चाकाला चाक लावून येत असेल, तर त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागतं आणि पडतो तो मागचा. म्हणून गटात उठण्याआधी 'उठतोय' असं मोठ्याने म्हणायची सवय लावा.

बसताना उलट. एक गियर हलका करा, एक पाय जोर देत असतानाच खाली या आणि हातांनी सायकल पुढे सरकवा, म्हणजे सीट स्वतःहून खाली येऊन मिळते. धपकन बसलात तर सायकल पुन्हा मागे येते.

उभं असताना अंग कुठे हवं

हात ब्रेकच्या मुठींवर किंवा सरळ हँडलच्या टोकांकडे, कोपरं किंचित वाकलेली. कंबर पुढे, पण किती? सीटचं नाक मांड्यांच्या मागच्या बाजूला अधूनमधून घासून जाईल इतकी. त्याहून पुढे गेलात तर भार हातांवर येतो आणि मागचं चाक सुटतं. त्याहून मागे राहिलात तर गुडघे वाकलेलेच राहतात आणि मांड्या मिनिटभरात पेटतात.

सायकल डोलू द्यायची, अंग नाही. उजवं पायडल खाली जाताना उजव्या हाताने हँडल वर ओढा. सायकल डावीकडे कलते, डोकं आणि छाती मात्र रस्त्याच्या वर सरळ राहतात. मग डावीकडून तसंच. ही लय जमली की हात आणि पाय एकमेकांना धरून चालतात. लय जमली की नाही ते चाकाच्या वाटेवरून कळतं: सायकल कलली तरी चाकं सरळ रेषेत गेली पाहिजेत. ती नागमोडी जात असतील तर तुम्ही हँडल ओढत नसून फिरवत आहात. शेजारून वाहनं जात असतील तर अशा वेळी बसलेलंच बरं.

पावलाचा चवडा पायडलच्या आसावर ठेवा. उभ्याने टाच थोडी वर जाते ते स्वाभाविक आहे, पण सगळा भार बोटांवर आला तर पोटरीत गोळा येतो. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला सस्पेन्शन (धक्के शोषणारी स्प्रिंग) असेल तर उठण्याआधी ते लॉक करा, नाहीतर काही मेहनत ते दाबण्यात जाते.

मग उठायचं कधी

- छोटा, ३०-४० मीटरचा तीव्र टप्पा आला आणि त्यापुढे चढ सैल होताना दिसतोय, तेव्हा. हलक्या गियरवर उतरून पुन्हा वेग गोळा करण्यापेक्षा उभ्याने १०-१५ फेऱ्यांत तो संपवणं सोपं.
- वळणाच्या आतल्या बाजूला. घाटातल्या आखूड वळणाची आतली कड बाहेरच्यापेक्षा बरीच तीव्र असते. रस्ता मोकळा असला तरच आणि आपली बाजू न सोडता बाहेरून जावं, नाहीतर आत उभं राहावं.
- अर्ध्या तासाहून लांब चढावर दर ५ मिनिटांनी १५-२० सेकंद. यात वेग वाढवायचा नाही. सीटवर दबलेल्या भागात रक्त फिरावं, कमरेला ताण मिळावा, मांड्यांचे स्नायू वेगळ्या कोनातून वापरले जावेत एवढंच काम. लांब चढावर उठण्याचा सगळ्यांत मोठा उपयोग हाच आहे आणि तोच सर्वांत कमी केला जातो.
- हलका गियर संपला आणि बसून फेरे ५० च्या खाली गेले, तेव्हा. हा शेवटचा पर्याय. हे वारंवार होत असेल तर मागे ३२ किंवा ३४ दातांची मोठी चकती असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, बसवा. आपल्या डेरेलियरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला, किती दातांपर्यंत चालतं ते आधी दुकानात विचारून घ्या.

मागच्या कॅरियरवर सामान बांधलेलं असेल तर शक्यतो उठू नका. डोलणाऱ्या सायकलमागे ते ओझं उशिरा डोलतं आणि हँडल हातातून खेचल्यासारखं होतं.

अंगकाठीचाही भाग असतो. वजन जास्त असेल तर उभ्याने जास्त ओझं पायांवर येतं, म्हणून भारी अंगाच्या माणसाला बसूनच परवडतं. १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणारा मिगेल इंदुराईन उंच आणि भारदस्त होता, तो मोठमोठे घाट बसून ओढायचा. १९९८ ची टूर जिंकणारा मार्को पंतानी चणीने लहान. तो हँडलच्या खालच्या वाकांवर हात ठेवून उभ्याने चढायचा. तरी पंतानीचं बघून नवशिक्याने तसं करू नये. पाठ आणि दंड तयार नसतील तर दोन मिनिटांत सगळं अंग भरून येतं.

उठण्याआधी चेन बघा

उभ्याने पूर्ण भार पायडलवर असताना चेन दातांवरून सटकली, तर पाय एकदम खाली जातो आणि माणूस दांडीवर किंवा हँडलवर आपटतो. झिजलेल्या चेनमुळे हे होतं. मोजायला स्टीलची पट्टी पुरते: चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या २४ व्या पिनेच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. नव्या चेनचं ते ३०४.८ मिलिमीटर भरतं. ३०६.३ च्या पुढे गेलं की चेन बदलायची वेळ आली. ३०७ च्या पुढे असेल तर कॅसेटचे दातही झिजले असण्याची शक्यता मोठी, आणि जुन्या दातांवर नवी चेन हमखास सटकते. हँडलचे आणि स्टेमचे (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागाचे) बोल्टही याच वेळी बघून घ्या, कारण उभ्याने त्यांच्यावर बसून असतानापेक्षा कितीतरी जास्त ओढ येते.

सराव

४ ते ६ टक्क्यांचा, रहदारी कमी असलेला, पाचेक मिनिटांचा एकच चढ निवडा. पहिल्या आठवड्यात दर दोन मिनिटांनी फक्त १० फेरे उभ्याने, बाकी बसून. इथे लक्ष एकाच गोष्टीवर: उठताना आणि बसताना वेग तुटता कामा नये. वेगाचा आकडा दिसत असेल तर तो उठताना ताशी अर्ध्या किलोमीटरहून जास्त पडू नये. ते जमलं की २० फेरे, मग ३० सेकंद, मग मिनिटभर. आठवड्यातून दोनदा पुरे, दोन सरावांमध्ये एखादा दिवस तरी मोकळा जाऊ द्या.

उभं असताना श्वास कोंडून धरला जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. डावं पायडल दर दुसऱ्यांदा खाली जाताना मुद्दाम जोरात श्वास सोडा, घेणं आपोआप होतं. आणि बसल्यावर लगेच वेग वाढवू नका. ठोके खाली यायला वीसेक फेरे द्या, तेवढा वेळ हलक्या गियरवर नुसते पाय फिरवा.