ग्रामपंचायत-झेडपीच्या पैशातलं ट्रेनिंग खरंच होतंय का, हे कसं बघायचं

शिवणक्लास, एमएस-सीआयटी, ब्युटी पार्लर, ड्रायव्हिंग, अशी ट्रेनिंग आपल्याकडे गावोगाव चालतात. पैसा सरकारी म्हणजे आपलाच असतो, पण त्यावर लक्ष कोणी ठेवायचं म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. खरं तर ते काम ज्याच्या फंडातून पैसा जातो त्याचं, म्हणजे ग्रामपंचायतीचं, झेडपीचं, शहरात नगरपालिकेचं. मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, तेव्हा जे कळलं ते नवीन निवडून आलेल्या सदस्यांसाठी आणि ग्रामसभेला जाणाऱ्या बायकांसाठी लिहितेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, जे काय बघायचं ते बिल निघायच्या आधी बघायचं. बिल निघालं की ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेला तुमची गरज उरत नाही, मग तुम्ही कितीही पत्रं द्या, सहा महिने नुसत्या चकरा होतात.

पहिलं काम म्हणजे पैसा कुठल्या खिशातला आहे ते शोधा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी. घरपट्टी, गाळेभाडं, बाजाराची वसुली हे सगळं स्वतःचं उत्पन्न. समजा वर्षाला 6 लाख जमतात, तर 60 हजार महिला-बालकल्याणाचे झाले, आणि त्यातून वीस बायकांचा शिवणक्लास घेतला तर एकीमागे 3 हजार पडतात. हा हिशोब आधी करून ठेवा, कारण एकीमागे किती रुपये आणि किती दिवस एवढं जरी डोक्यात असलं तरी कोटेशन बघताना लगेच कळतं की कुठे जास्त लावलेत. अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1, ते भाऊसाहेबांकडे मागा, सदस्याला दाखवतातच. (ग्रामसेवकांचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच म्हणतात.)

झेडपीचं गणित थोडं वेगळं. तिथे सेस फंडातून, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, महिला व बालकल्याण समिती योजना ठरवते, प्रशिक्षणाच्या योजना एका गटात आणि वस्तू वाटपाच्या दुसऱ्या गटात अशी विभागणी असते, आणि फॉर्म बहुतेक वेळा अंगणवाडी ताईंकडून किंवा पंचायत समितीतून येतात. मध्ये काही वर्षं बऱ्याच झेडप्या आणि पालिकांवर प्रशासक होते, समित्याच नव्हत्या, त्यामुळे प्रश्न विचारणारंही कोणी नव्हतं. तेव्हाची सवय मोडायला वेळ लागणारे, म्हणून आता जास्त जागं राहायला पाहिजे.

आता ठराव. मासिक सभेत "महिलांसाठी शिवणकाम प्रशिक्षण घेण्यात यावे" एवढ्या एका ओळीवर हात वर करू नका. मी सुरुवातीला बघितलं की सगळे असंच करतात, चहा येतो, सह्या होतात, मिटिंग संपते. त्याऐवजी ठरावातच लिहून घ्या की क्लास किती दिवसांचा, रोज किती तास, कुठल्या जागेत, शिकवणारी व्यक्ती कोण, मशीन किती, आणि पैसे कशाकशावर द्यायचे. आणि हप्ते पाडून घ्या. थोडे मध्यावर, बाकीचे निकाल बघून. आणि ही शर्त संस्थेबरोबरच्या करारात किंवा कार्यादेशात (वर्क ऑर्डरमध्ये) पण आली पाहिजे, नुसती ठरावात राहिली तर संस्था म्हणते आम्हाला माहितीच नव्हतं. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, नीट उतरलंय का ते पुढच्या सभेत वाचून घ्या, लाजायचं काही कारण नाही.

पैसे कशावर द्यायचे हे प्रत्येक कोर्सला वेगळं असतं आणि इथेच खरी मेख आहे. ड्रायव्हिंगचं घ्या. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देताच येत नाही. म्हणजे एखादी संस्था पंधरा दिवसांत प्रशिक्षण पूर्ण म्हणून पूर्ण बिल मागत असेल तर त्या मुलींच्या हातात काय आहे, फक्त शिकाऊ लायसन्स, आणि ते सहा महिन्यांत संपतं. म्हणून शेवटचा हप्ता पक्क्या लायसन्सच्या झेरॉक्सवरच द्यायचा असं लिहा. कॉम्प्युटरच्या कोर्सला संस्थेने स्वतः छापलेलं सर्टिफिकेट नको, एमएस-सीआयटीची परीक्षा ऑनलाइन होते, तिचं पास सर्टिफिकेट मागा. शिवणकामाला अशी परीक्षा नसते तर निदान शेवटच्या दिवशी प्रत्येकीने स्वतः बेतून शिवलेला ब्लाउज सदस्यांसमोर ठेवायचा, तयार आणलेला नाही, तिथेच कापलेला.

लाभार्थी यादी ग्रामसभेत वाचून झाली पाहिजे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते हा नियम आहे, आणि बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरवर होते. ती खरी भरवा. तिथे विचारा की कोणाला काय शिकायचंय, कारण गावात आधीच बारा जणी शिवणकाम करत असतील तर नव्या बॅचने त्यांचंच काम वाटून जाणार. ग्रामसभेला कोरम म्हणजे किमान हजेरी लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला कोरमची अट नसते, आणि नेमक्या त्याच रिकाम्या सभेत याद्या मंजूर होतात. म्हणून तहकूब सभेची तारीख लिहून ठेवा आणि तिला नक्की जा.

क्लास सुरू झाला की न सांगता जा. फोन करून गेलात तर वीसच्या वीस बायका बसलेल्या दिसतील. मी एकदा अशीच दुपारी गेले होते, हजेरीपटावर वीस सह्या, समोर सात बायका, आणि मशीन सहा, त्यातल्या दोनांना पट्टाच नव्हता. सह्या बघितल्या तर शनिवारपर्यंतच्या आधीच करून ठेवलेल्या, सगळ्या एकाच निळ्या पेनाच्या. पण मला खरं कळलं ते फरशीवरून. शिवणक्लास चालू असला की खाली कात्रणं पडतात, दोऱ्याचे तुकडे असतात, मशीनखाली तेलाचा डाग असतो, आणि इथे फरशी झाडून-पुसून स्वच्छ होती. कागदावर काय आहे त्यापेक्षा जागा बघा, पार्लरच्या क्लासला वापरलेलं सामान दिसतं का, कॉम्प्युटर चालू होतात का, लाइट गेली तर काय करतात, हे विचारा. आणि बायकांशी संस्थेच्या माणसाच्या समोर बोलू नका, घरी जाऊन बोला, "ताई, रोज जाता का, काय शिकवलं काल" एवढंच विचारलं तरी त्या मोकळं सांगतात.

जे दिसलं ते त्याच दिवशी लेखी द्या. सरपंचांना आणि भाऊसाहेबांना पत्र, एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आमच्याकडे त्या पत्रावरच बिल थांबलं, संस्थेने परत दीड महिना क्लास घेतला तेव्हा कुठे पैसे सुटले, आणि दुसऱ्या खेपेला कात्रणं पण दिसली.

बिल सभेपुढे आलं की तीन गोष्टी समोर मांडून बसा, हजेरीपट, ठरावातल्या अटी आणि निकालाचा पुरावा. फोटो जोडलेले असतात, त्यात एकच फोटो वेगवेगळ्या तारखेला लावलाय का बघा, साड्या बघितल्या की समजतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त सांभाळा, 31 मार्चच्या आधी निधी संपवायची घाई असते आणि तीन महिन्यांचा कोर्स तीन आठवड्यांत उरकतात. निधी परत जाईल असं म्हणून दबाव येतो, तेव्हा "माझा विरोध नोंदवा" म्हणा, विरोध प्रोसिडिंगमध्ये नावासकट आला पाहिजे.

काही ट्रेनिंगचा पैसा पंचायतीच्या हातात नसतोच. डीडीयू-जीकेवाय (दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना) 2014 पासून आहे, ग्रामीण तरुणांसाठी, आपल्याकडे ती उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालते आणि तिथे शिकलेल्यांपैकी 70 टक्के मुलांना नोकरी लावायची अट संस्थेवर असते. आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ती जिल्ह्याच्या ठिकाणी बँक चालवते, राहणं-जेवण फुकट. इथे पंचायतीने बिल अडवता येत नाही, पण गावातून गेलेल्या पोरांची नावं एका वहीत ठेवता येतात, कोण कुठे लागलं, पगार किती हातात येतो, तीन महिन्यांनी तिथेच आहे की परत आलं. पुण्याला नोकरी लागली म्हणून कागदावर आलेला मुलगा पंधरा दिवसांत खोलीभाडं परवडत नाही म्हणून गावात परत आलेला असतो, आणि ते वरच्या ऑफिसला माहितीच नसतं. अशी वही ग्रामसभेत वाचली तर पुढच्या वर्षी ती संस्था गावात पोरं गोळा करायला येताना विचार करते. पीएम विश्वकर्मा या पारंपरिक कारागिरांच्या योजनेत तर पहिली पडताळणीच सरपंचांच्या लॉगिनला होते, तो माणूस खरंच सुतार किंवा शिंपी आहे का हे गावाशिवाय कोणाला कळणार, म्हणून तिथे सरसकट मंजूर करत सुटायचं नाही. त्या ट्रेनिंगला दिवसाला 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15 हजार आहेत, खऱ्या कारागिराचे गेले तर वाईट वाटतं.

तुम्ही सदस्य नसाल तरी मार्ग आहेत. जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांत आणि स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना कागद बघू द्यायचे असं सरकारने 2018 मध्येच पत्रक काढून सांगितलंय, झेडपीत जाऊन हे पत्रक दाखवा. नाही दाखवले तर माहिती अधिकार, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांत बसवा, नाहीतर त्याच कारणाने परत पाठवतात. "सर्व माहिती द्या" असं लिहू नका, त्याऐवजी अमुक वर्षाच्या अमुक प्रशिक्षणाचा कार्यादेश, हजेरीपट, लाभार्थी यादी आणि देयकाची प्रत असं नेमकं मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टँप. कागद हातात आले की यादीतल्या चार-पाच बायकांच्या घरी जाऊन विचारा, आणि फरक निघाला तर गटविकास अधिकारी आणि झेडपीच्या सीईओंना पत्र द्या, सोबत त्या बायकांचं म्हणणं सहीनिशी जोडा. सही द्यायला त्या कचरतात, पुढच्या योजनेतून नाव जाईल अशी भीती असते, तेव्हा एकीला पुढे करू नका, पाच-सहा जणींची एकत्र सही घ्या.